शिवी कोणाला लागली?

पोलिसांच्या मराठीत काही वाक्यं ठरून गेलेली असतात. त्यातलं एक मी नोकरीभर टाइप करत आले: ‘आरोपीने फिर्यादीस आईमाईवरून अर्वाच्य शिवीगाळ, दमदाटी करून लाथाबुक्क्यांनी मारहाण केली.’ मी कोर्टात मराठी लघुलेखक होते. आधी तालुक्याला न्यायदंडाधिकाऱ्यांकडे, नंतर जिल्ह्याच्या ठिकाणी सत्र न्यायालयात. आधी टाइपरायटर, मग संगणक. मुलूख साताऱ्याकडचा. बांधाची भांडणं, पाण्याच्या पाळीची भांडणं, भाऊबंदकी आणि यात्रेतली मारामारी यांना तोटा नाही. तीनशे तेवीस, पाचशे चार, पाचशे सहा ही भारतीय दंड संहितेची तीन कलमं आमच्याकडे एका दमात म्हटली जायची. साधी दुखापत, अपमान आणि धमकी. मधलं पाचशे चार म्हणजे शिवीचं कलम.

फिर्यादीत ‘शिवीगाळ केली’ एवढ्यावर भागतं. कोर्टात भागत नाही. सरतपासात सरकारी वकील विचारतात, ‘शिवीगाळ केली म्हणजे नक्की काय म्हणाला?’ आणि तोवर घडाघडा बोलणारा माणूस गप्प होतो. शब्द आले नाहीत तर उलटतपासात आरोपीचे वकील तेवढंच धरून बसतात: अपमान झाला म्हणता, पण कशाने झाला ते सांगता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये फिओना श्रीखंडे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सांगितलं की तक्रारीत नेमके शब्द असलेच पाहिजेत असा कायदा नाही, सगळी तक्रार वाचून ठरवायचं. तरी खालच्या कोर्टांत नेमक्या शब्दांचा आग्रह राहिला, आणि मला तो कधी गैर वाटला नाही. काय बोललं गेलं हेच कागदावर नसेल तर कोणाला किती लागलं हे न्यायाधीशांनी कशावरून ठरवायचं?

साक्षीदार आधी साहेबांकडे बघायचा, मग माझ्याकडे. ‘बाई बसल्यात,’ असं पुटपुटायचा. भर बाजारात ऐकलेला शब्द त्याच्या तोंडून निघायचा नाही. कोणी ‘आईवरनं बोलला’ म्हणून थांबायचा, कोणी चिठ्ठीवर लिहून देऊ का विचारायचा. सुरुवातीच्या वर्षांत एक न्यायाधीश अशा साक्षीच्या वेळी मला उठवून पुरुष सहकाऱ्याला बसवत. त्यात त्यांचा सद्भाव होता, हे मला तेव्हाही कळत होतं. पण नक्कल काढायला कागद माझ्याकडेच यायचा, आणि मग तोच शब्द मी एकटीने, आतल्या खोलीत बसून टाइप करायची. तेव्हापासून मला एक प्रश्न पडायला लागला. हा शब्द वर्ज्य आहे तो नेमका कोणासाठी? माझ्या कानांसाठी, की ज्याला तो मारला गेला त्याच्यासाठी?

पुढे कलमांची भाषा वाचताना लक्षात आलं की कायद्यालाही हा प्रश्न वेगवेगळ्या काळी वेगवेगळा पडला होता. १८६० च्या दंड संहितेतलं दोनशे चौऱ्याण्णव कलम सार्वजनिक जागी अश्लील शब्द उच्चारण्याबद्दल होतं, पण तिथे गुन्हा व्हायला ‘इतरांना त्रास’ व्हावा लागे. म्हणजे काळजी ऐकणाऱ्यांची. पाचशे चारमध्ये अपमान असा हवा की त्यामुळे समोरचा चिडून शांतताभंग करील. म्हणजे काळजी सरकारला, गावात दंगा होईल याची. शिवी खाणाऱ्या माणसाच्या मानाची काळजी या दोन्हींत मुख्य नव्हती. ती कायद्यात आली अस्पृश्यतेच्या प्रश्नातून. १९५५ चा अस्पृश्यता कायदा, ज्याचं नाव पुढे नागरी हक्क संरक्षण कायदा झालं, आणि १९८९ चा अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा. आपल्याकडे सगळे त्याला ‘ॲट्रॉसिटी’ म्हणतात. १९८९ च्या कायद्यात शब्द आहेत अपमान आणि पाणउतारा करण्याच्या हेतूचे. दंगा होवो न होवो, ऐकणाऱ्यांना त्रास होवो न होवो, चारचौघांदेखत त्या माणसाला खाली ढकललं हाच गुन्हा.

मी नोकरीला लागले तेव्हा हा कायदा नवाकोरा होता आणि त्याखालचे खटले चालायला सुरुवात होत होती. त्या काळच्या साक्षी आठवल्या की आजही अंगावर काटा येतो. आईवरून दिलेली शिवी सांगताना घाम फुटणारा साक्षीदार जातीवरून मारलेली हाक मात्र सहज सांगायचा. तिला शिवी म्हणायचं असतं हेच त्याच्या गावी नसे. जातीच्या नावाला शेवटी जोडलेला तो तुच्छतेचा प्रत्यय, तो एकेरी पुकारा, कोर्टात तो ‘त्याला हाक मारली’ म्हणून सांगितला जाई. उलटतपासात आरोपीच्या वकिलांचं एक वाक्य ठरलेलं: ‘तुमच्या गावात सगळेच असं बोलतात, हे खरं आहे का?’ साक्षीदार म्हणायचा, ‘हो साहेब, आमच्याकडं असंच बोलत्यात.’ आणि कित्येकदा पीडित माणूससुद्धा ‘हो’ म्हणायचा. जन्मापासून ऐकलेलं असायचं. त्याचं ‘हो’ मी टाइप करायची आणि माझ्या बोटांना ते जड जायचं.

हे बदललं, आणि माझ्या डोळ्यांसमोर बदललं. एका दिवसात नाही, कोणा एका निकालाने नाही. आधी बदलला तो पत्ता. साक्षीदाराचं नाव, वय, धंदा, राहणार, अशी सुरुवात असते. त्या ‘राहणार’च्या पुढे जातीच्या नावाचा वाडा लिहून घ्यायचा प्रघात होता. मग तरुण साक्षीदार ठासून सांगायला लागले, ‘भीमनगर लिहा.’ पोलिसांच्या कागदात जुनं नाव असेल तर दुरुस्त करून मागायचे. सरकारने जातिवाचक वस्त्यांची नावं बदलण्याचा निर्णय मंत्रिमंडळात घेतला तो २०२० च्या डिसेंबरात. समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावं सुचवली गेली. पण त्याच्या पुष्कळ वर्षं आधी लोकांनी आपला पत्ता माझ्या टाइपरायटरवर स्वतः बदलून घेतला होता.

मग न्यायालयांची भाषा बदलली. २००८ च्या स्वर्ण सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे प्रश्न आला की एखाद्या जातीचं नुसतं नाव घेणं हा अपमान कसा, ते तर जातीचं नावच आहे. न्यायालयाने म्हटलं की शब्दाची व्युत्पत्ती बघायची नाही, आज लोक तो शब्द कशासाठी वापरतात ते बघायचं. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो. खेड्यातल्या कुठल्याही शिकल्या-न शिकल्या दलित बाईला हे आधीपासून माहीत होतं. न्यायालयाने ते लिहून ठेवलं. २०१६ च्या २६ जानेवारीपासून दुरुस्त कायदा लागू झाला आणि चारचौघांदेखत जातीच्या नावाने शिवीगाळ करणं हा वेगळा, स्पष्ट गुन्हा झाला. ‘चारचौघांदेखत’ या अटीवर मात्र किती खटले पडले! घराच्या चार भिंतींत, बाहेरचं कोणी नसताना दिलेली शिवी या कलमात बसत नाही, असं २०२० मध्ये हितेश वर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. शेतमजूर बाईला मालक गोठ्यात काय बोलतो ते ऐकायला चारचौघं येत नाहीत. ही अट मला कायम सलत आली.

शेवटच्या वर्षांत साक्षीदार जातीवाचक शब्दाशी येऊन अडखळायचे. पूर्वी आईवरच्या शिवीशी अडखळायचे तसेच. सवर्ण साक्षीदार म्हणायचा, ‘जातीवरनं बोलला, साहेब, शब्द कसा सांगू?’ त्यात कायद्याची भीती किती आणि लाज किती, हे मला सांगता येणार नाही, बहुतेक दोन्ही. काही जण म्हणतात, नुसती भीती आहे, मनं तीच आहेत. मला तसं वाटत नाही. भीतीने न उच्चारलेला शब्द घरात मुलांच्या कानावर पडत नाही, आणि न पडलेला शब्द मुलं पुढे नेत नाहीत. आमच्या लहानपणी जातींवरच्या म्हणी ओसरीवर, पंगतीत, शाळेच्या वाटेवर बिनदिक्कत चालायच्या. माझ्या भाचवंडांना त्यातली एकही पूर्ण येत नाही.

यामागे नुसता कायदा नव्हता. दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ चं, शरणकुमार लिंबाळ्यांचं ‘अक्करमाशी’ १९८४ चं. अनौरस मुलाला मारायची शिवी लिंबाळ्यांनी आपल्या आत्मकथनाच्या मुखपृष्ठावर नाव म्हणून छापली. त्याच्या आधी १९७२ मध्ये नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला होता, आणि त्याच वर्षी तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’वरून नाटकाची परवानगी, बंदी, हायकोर्ट असा लढा कमलाकर सारंगांना द्यावा लागला होता. पांढरपेशा मराठी वाचकाला त्या पुस्तकांतल्या भाषेचा धक्का बसला, तिच्यावर ‘अश्लील’ म्हणून टीका झाली. आज मला वाटतं, वाचकाचा कान आधी दुखला आणि त्या शब्दांखाली जगलेल्या माणसाचं दुखणं नंतर कळलं. पण कळलं.

आता दुसरी बाजू. ज्या वर्षांत जातीवाचक शब्द तोंडातून निघेनासा झाला, त्याच वर्षांत आई-बहिणीवरच्या शिव्या सैल सुटल्या. तरुण साक्षीदार त्या न अडखळता सांगू लागले, एकदाही माझ्याकडे न बघता. सुरुवातीला मला ते बरंच वाटलं. मी तिथे बसलेली कोणी नाजूक बाई नव्हते, काम करणारी होते, तेव्हा माझ्यासाठी कोणी थांबू नये. पण मग आरोपीच्या वकिलांचं ते जुनं वाक्य पुन्हा ऐकू यायला लागलं. ‘तुमच्या भागात सगळेच असं बोलतात, हे खरं आहे का?’ आणि तेच उत्तर: ‘हो साहेब, बोलीभाषाच हाय आमची.’ पूर्वी जे जातीच्या हाकेबद्दल म्हटलं जायचं ते आता आईवरच्या शिवीबद्दल म्हटलं जात होतं. बचाव तोच, फक्त जागा बदलली होती.

‘अर्थ मनात नसतो, रागाच्या भरात तोंडाला येतं’ हे म्हणणं साफ खोटं नाही, हेही मला मान्य आहे. साताऱ्याकडची म्हातारी माणसं नातवाला लाडाने ‘मुडद्या’, ‘मेल्या’ म्हणतात. ‘रांडेच्या’ हा शब्द मी मारामारीच्या खटल्यातही टाइप केला आहे आणि गळ्यात पडून भेटणाऱ्या मित्रांच्या तोंडूनही ऐकला आहे. एका वेब मालिकेतल्या शिवराळ संवादांवरचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला होता. २०२४ च्या मार्चमध्ये निकाल लागला की असभ्य भाषा आणि अश्लीलता या एक गोष्टी नव्हेत, हे शब्द वापरणाऱ्याला बहुतेक वेळा राग, वैताग, उत्तेजना व्यक्त करायची असते, कामभावना चाळवायची नसते. निकाल योग्य आहे. कोणाला तुरुंगात घालायचं की नाही एवढाच प्रश्न असेल तर माझंही मत तेच. पण स्वर्ण सिंग खटल्यात विचारलं गेलं होतं ते इथे कोणी विचारलं नाही: हा शब्द ज्याच्यावर आहे त्याला तो कसा ऐकू येतो?

काही शिव्या मात्र माझ्या नोकरीत मरून गेल्या. पहिल्या वर्षांत म्हाताऱ्या बायकांच्या साक्षीत शाप यायचे: तुला पटकी येवो, तुझं तळपट होवो, तुझा निर्वंश होवो. पटकी म्हणजे कॉलरा. गावंच्या गावं ओस पडलेली ज्यांनी पाहिली किंवा आईकडून ऐकली, त्यांना तो शब्द सोसत नसे. भावकीतल्या एका विधवेने जमीन बळकावणाऱ्या दिराला भर चावडीत ‘निर्वंश होवो’ म्हटलं आणि त्याने तिच्याविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली. खरंच घाबरला होता तो. साक्षीतसुद्धा ‘ती म्हणाली की माझ्या वंशाला...’ इथे थांबला आणि पाणी मागितलं. जिच्या हाती ना काठी, ना सातबारा, त्या बाईचं ते शस्त्र होतं. मुलं जगायला लागली, साथी आटोक्यात आल्या, आणि ते शस्त्र बोथट झालं. आज असा शाप कोणी फिर्यादीत लिहूनही घेणार नाही.

याउलट एक शब्द तसूभर हलला नाही: वांझ. विवाहितेच्या छळाच्या खटल्यांत, म्हणजे १९८३ साली आलेल्या चारशे अठ्ठ्याण्णव-अ खाली, मी तो पहिल्या वर्षीही टाइप केला आणि निवृत्तीच्या महिन्यातही. शिकलेल्या घरांतून, इंजिनिअर सुनेच्या तक्रारीत. सोबत ‘पांढऱ्या पायाची’ आणि ‘अवदसा’. बाकीचे शब्द बदलले: ‘महारोगी’ जाऊन ‘कुष्ठरुग्ण’ आला, ‘अपंग’ जाऊन ‘दिव्यांग’ आला, अपंगत्वावरून चारचौघांत हिणवणं २०१६ च्या कायद्याने गुन्हा ठरलं. तृतीयपंथीयांना शाब्दिक छळापासून संरक्षण देणारा कायदा २०१९ ला आला, जरी त्यांच्यावरून पुरुषाला हिणवायची शिवी पोरांच्या तोंडात आजही सर्रास आहे. पण मूल न झालेल्या बाईला मारायच्या शब्दाला, माझ्या माहितीप्रमाणे, कुठलाच आयोग, कुठलंच परिपत्रक अजून शिवलेलं नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने २०२२ मध्ये ग्रामसभेत विधवांच्या अपमानास्पद प्रथा बंद करायचा ठराव केला आणि सरकारने तो कित्ता इतर गावांपुढे ठेवला. तसं काही या शब्दासाठी व्हायला हवं.

बायका शिव्या देत नाहीत असं कोणी समजू नये. आमच्याच जिल्ह्यात खंडाळा तालुक्यात सुखेड आणि बोरी या दोन गावांच्या बायका नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी ओढ्याच्या दोन काठांवर उभ्या राहतात आणि हातवारे करत एकमेकींना शिव्यांची लाखोली वाहतात. ‘बोरीचा बार’ म्हणतात त्याला. वाद्यं वाजत असतात, मध्ये पोलीस उभे असतात, बघायला ही गर्दी. दोन सवतींच्या भांडणाची गोष्ट त्यामागे सांगतात. मी पाहायला गेले होते तेव्हा एका गोष्टीचं फार वाटलं. वर्षभर ज्यांच्या नावाने पुरुष एकमेकांना शिव्या देतात, त्या बायका त्या दिवशी स्वतःच्या तोंडाने, स्वतःच्या भांडणासाठी बोलत होत्या. आणि दुपारी त्याच बायका हसत घरी चालल्या होत्या. शिमग्यातल्या बोंबांनाही पूर्वी असंच वर्षातून एकदा मोकळं रान असे. वर्ज्य शब्दाला एक दिवस आणि एक जागा नेमून द्यायची ही जुनी रीत मला समजूतदार वाटते. आता रोजच शिमगा असल्यावर तिचं काय काम उरणार, हा भाग वेगळा.

स्त्रियांच्या साक्षीतला बदल मात्र मी आनंदाने पाहिला. पूर्वी छेडछाडीची तक्रार करणारी मुलगी ‘नको ते बोलला’ यापुढे जायची नाही. आई मागे उभी राहून पदर तोंडाला लावायची. शब्द न आल्यामुळे आरोपी सुटायचा. २०१३ च्या दुरुस्तीने लैंगिक स्वरूपाचे शेरे मारणं हा स्वतंत्र गुन्हा केला, दिल्लीतल्या डिसेंबर २०१२ च्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर मुली बोलायलाही लागल्या होत्या. त्यानंतरच्या वर्षांत कॉलेजातल्या एका मुलीने साक्षीत तिला ऐकवलेली चारही वाक्यं जशीच्या तशी, संथपणे, आरोपीकडे बघत सांगितली. खुर्चीवर मॅडम होत्या. त्यांनी ‘जरा सावकाश, लिहून होऊ दे,’ एवढंच म्हटलं. मुलगी माझ्यासाठी थांबत थांबत सांगत गेली. कुठे ऱ्हस्व, कुठे दीर्घ हे मला क्षणभर सुचेना, कारण शिव्यांचं शुद्धलेखन आम्हाला कोणी शिकवलेलं नसतं. पण शब्द चुकवायचा नाही, गाळायचा नाही, ठिपके द्यायचे नाहीत हे माहीत होतं. तो दिवस मला माझ्या कामाचा अर्थ सांगून गेला. तो शब्द उच्चारण्यात तिची अब्रू जात नव्हती. ज्याने आधी उच्चारला होता त्याची जात होती.

२०२४ च्या नोव्हेंबरात बातमी वाचली की अहिल्यानगर जिल्ह्यातल्या, नेवासा तालुक्यातल्या सौंदाळा गावाने ग्रामसभेत ठराव केला: आई-बहिणीवरून शिवी देणाऱ्याला ५०० रुपये दंड. कारण दिलं होतं ते असं की भांडण पुरुषांचं असतं आणि अपमान घरातल्या बाईचा होतो. दंड वसूल किती होईल, कोण कोणाच्या विरुद्ध सांगेल, हे प्रश्न आहेतच. पण कारण वाचलं आणि मला बऱ्याच वर्षांपूर्वीच्या एका आजी आठवल्या.

बांधाचं भांडण होतं. शेजाऱ्याने आजींच्या मुलाला आईवरून शिवी दिली, मुलगा धावून गेला, कुऱ्हाडीचा दांडा डोक्यात बसला. फिर्यादी मुलगा, जखमी मुलगा. आजी प्रत्यक्ष पाहणाऱ्या साक्षीदार, एवढंच त्यांचं स्थान. सरकारी वकिलांनी विचारलं, ‘आरोपी तुमच्या मुलाला काय म्हणाला?’ आजींनी शिवी सांगितली, पूर्ण, एकही अक्षर न गिळता, आणि वर म्हणाल्या, ‘मला म्हनला.’

‘म्हणजे तुमच्या मुलाला म्हणाला.’

‘त्येच्याकडं बघून म्हनला. शिवी माजी हाय की.’

आरोपीचे वकील लगेच उठले. फिर्यादीत आहे मुलाला शिवी दिली, साक्षीदार म्हणते मला दिली, विसंगती आहे. साहेबांनी मला सांगितलं ते वाक्य असं झालं: ‘आरोपीने माझ्या मुलास आईवरून शिवी दिली.’ साक्ष संपल्यावर ती साक्षीदाराला वाचून दाखवायची असते आणि बरोबर असल्याचं विचारायचं असतं. मी वाचायला लागले. त्या वाक्याशी आजींनी हात वर केला. ‘माज्या मुलास न्हाय. माज्यावर शिवी दिली आसं लिवा. पोराला काय झालं? पोराला मार बसला, त्यो वायला. शिवी मला बसली.’

साक्ष वाचून दाखवताना साक्षीदाराने हरकत घेतली तर न्यायाधीशांनी मजकूर बदलायचा किंवा हरकतीची नोंद घ्यायची, अशी कायद्यात तरतूद आहे. साहेब थोडा वेळ बघत राहिले आणि मग त्यांनी खाली नोंद घ्यायला सांगितली. मी टाइप केलं: ‘साक्षीदाराचे म्हणणे असे की, शिवी तिच्या मुलास नसून तिला देण्यात आली.’ आजींनी अंगठा दिला आणि काठी टेकत उतरल्या.

आरोपीला दुखापतीबद्दल शिक्षा झाली, पाचशे चारखालीही झाली. निकालपत्र मीच टाइप केलं. त्यात कारण होतं की शिवीमुळे फिर्यादी चिडला आणि शांतताभंग झाला. कलमाला तेवढंच हवं असतं. आजींच्या नोंदीचा निकालात कुठे उल्लेख नव्हता, आणि कायद्याच्या भाषेत तो असायचं कारणही नव्हतं, कारण त्या भाषेत अपमान झालेली व्यक्ती एकच होती, आणि ती त्या नव्हत्या.

२०२४ च्या १ जुलैपासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. पाचशे चारचं तीनशे बावन्न झालं. आत भाषा जवळपास तीच: अपमान असा हवा की समोरचा शांतताभंग करील. दीडशे वर्षांहून जुना कायदा नव्याने लिहायला घेतला होता तेव्हा, ज्या बाईचं नाव घेऊन शिवी दिली जाते तिलाही फिर्याद देता येईल एवढी एक ओळ त्यात घालता आली असती. ती घातली गेली नाही. ती यायला हवी, आणि तोवर सौंदाळ्यासारखी गावं जे करत आहेत ते त्यांनी करत राहावं.